लोकरीच्या व्यापाऱ्याचा किल्ला

तमाम रसिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऑस्ट्रेलियातल्या एका किल्ल्याला आमच्या शेजारच्या काकांनी ऐंशीच्या दशकात जाहीरपणे नापास केले.

काका साताऱ्याचे, गडकिल्ल्यांचे वेडे. तिकडे क्लेटन या उपनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या सतीशचे वडील. स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, "दमतो तो गडी कसला!" सहा महिन्यांसाठी आले होते. सतीश आणि त्याची बायको शिफ्टला गेले की काका दिवसभर खिडकीशी. परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. ते रद्द करून वडिलांनी इथेच राहावं असं सतीशला फार वाटे, पण तोंडाने म्हणायला जमेना. शेवटच्या रविवारी त्याने युक्ती काढली. "बाबा, चला, किल्ला दाखवतो."

कॅसल म्हणजे किल्ला, एवढंच त्याचं भाषांतर. काका कॅनव्हासचे बूट, काठी आणि रुमालात गूळ-दाणे बांधून गाडीत बसले. मीही घुसलो. असा तमाशा चुकवतो कोण?

पोचलो तर वर बुरूज चढवलेला एक दगडी बंगला आणि त्याच्यापुढे उतारावर टप्प्याटप्प्याने बाग. पट्टीने आखलेले ताटवे, कातरून चौकोनी केलेली झुडपं.

"ही पहिली माची," काका चढत म्हणाले. "ही दुसरी. तट कुठाय रे?"

"ही हेज आहे ना, बाबा."

"झुडूप? आणि तोफा?"

"तोफा नाहीत."

"मग वेढा पडला तेव्हा काय गुलाब फेकले?"

"वेढा पडलाच नाही. लोकरीचा व्यापारी होता. हौसेने बांधला."

"मग बंगला म्हण की! नापास."

तिसऱ्या माचीवर मात्र काका बाकावर बसले आणि बूट काढून पाय चोळत राहिले.

"दमलो रे."

"एवढ्याशा चढाला?" मी हसलो. सतीश हसला नाही.

"चढाने नाही. सहा महिने घराच्या भिंतींशी बोलून. मंगळवारी सोडायला ये, सतीश."

"नो वरीज, बाबा." तो सगळ्यालाच हे म्हणायचा.

मंगळवारी काका गेले. परत कधी आले नाहीत.

पण त्या रविवारी आम्ही उतरत होतो. काका पुढे, बूट हातात, हिरवळीवर अनवाणी, सावकाश. खाली साहेबमंडळी चहा पीत होती. तेवढ्यात माझ्या शेजारून असा काही आवाज फुटला की सगळ्यांचे कप ओठांशीच थांबले.

"बाबा, जाऊ नका ना!"