दादींच्या मुंग्या

आमच्या उल्हासनगरच्या आयसीयूत राउंडला निघताना बाकीचे डॉक्टर स्टेथोस्कोप शोधत, दादी जेलीची बाटली शोधत. ती सापडली की काखेत दाबायची आणि एक हात अंगाला चिकटवूनच सगळे बेड फिरायचे. नातेवाइकांना वाटे, डॉक्टरीणबाईंचा खांदा आखडलाय. एकाने तर त्यांना कॅम्पातल्या मालिशवाल्याचा पत्ता दिला होता. दादींनी तो गंभीर चेहऱ्याने लिहून घेतला.

कारण अगदी साधं होतं. सोनोग्राफीची जेली एसीत गारठते. "ठंडी जेली छातीवर पडली की माणूस श्वास धरतो," दादी म्हणत. "मग मी काय बघू, त्याची भीती?" सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

मी तिथे स्टाफ नर्स. फुप्फुसाची सोनोग्राफी कशी बघायची ते मला दादींनी शिकवलं. पडद्यावर दोन बरगड्यांच्या मध्ये एक पांढरी रेघ दिसते. श्वासाबरोबर फुप्फुस छातीच्या आतून सरकत असेल तर ती रेघ चुळबुळते, मुंग्यांची रांग चालावी तशी. "मुंग्या चालतायत? बस, पुढे चल," दादी म्हणायच्या. हा शब्द आमच्यात इतका रुजला की ड्युटी बदलताना आम्ही "चार नंबरला दोन्हीकडे मुंग्या आहेत" असं सांगत असू. ते ऐकून सफाईच्या मावशी एकदा मुंग्यांची पावडर घेऊन आल्या होत्या.

दादी सहसा चिडत नसत. अंदाजाने बोलणाऱ्यावर मात्र त्यांचा पारा चढे. "सोचो मत, पहले देखो," हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाने खाल्लेलं आहे. त्याची किंमत मला कळली ती बाबांच्या वेळी.

आमचं गाव बारवी धरणाच्या अंगाला. राबाचे दिवस होते. भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी तेव्हा झाडांच्या फांद्या तोडून शेतात पसरतात. एका दुपारी माझे दोघे भाऊ बाबांना रिक्षात घालून घेऊन आले. बाबांना धड श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते. दमा त्यांना जुनाच, त्यामुळे सगळ्यांनी दमाच धरला. मीही. आईने छातीवर आंबेहळदीचा जाड लेप थापला होता आणि तो वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. ज्युनियर डॉक्टरने त्या लेपावरच जेली ओतून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर नुसता धुरळा.

"दमाच आहे. मास्क लावून मशीनने हवा देऊ," तो म्हणाला. मी मास्कचे पट्टे सोडवू लागले, पण ते काही सुटेनात. रोज करते ते काम, पण समोर माझा बाप होता.

"रुक," मागून दादी म्हणाल्या. "साधा ऑक्सिजन चालू ठेव. लेपावरून काय दिसणार? कोमट पाणी आण."

ओल्या कापडाने लेप निघाला. हळदीचा पिवळा डाग राहिलाच, पण उजव्या बरगड्यांवर त्याच्याखाली हिरवंनिळं काहीतरी होतं, आणि ते पुसलं जात नव्हतं. मार होता तो. दादींनी डावीकडे प्रोब टेकवला, मुंग्या चालत होत्या. उजवीकडे रेघ होती, पण मेल्यासारखी पडलेली. प्रोब हळूहळू काखेकडे नेला तेव्हा एका जागी श्वासागणिक मुंग्या येत आणि नाहीशा होत.

"बरगडी टोचलीय. फुप्फुसातून हवा निसटून छातीत साचलीय, ती इथपर्यंत," दादी म्हणाल्या. "मशीनने हवा दाबली असती तर आणखी साचली असती." ज्युनियरचा चेहरा पांढरा पडला. दादींनी त्याच्याकडे छातीत घालायच्या नळीचं सामान मागितलं.

हात धुताधुताच त्यांनी माझ्या भावांना बाहेर पाठवलं. "बाबा, कहाँ से गिरे?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "ऐनाच्या झाडावरून," ते धापा टाकत म्हणाले. "फांद्या तोडीत होतू. पोरांना नको सांगू. परत चढू नाय देनार मना."

"मी सांगणार नाही, तू चढणार नाहीस. मंजूर?"

दादी दुकानदाराची लेक. सौदा कधी पक्का करायचा ते त्यांना बरोबर कळे. बाबांनी मान हलवली.

नळी आत गेली आणि हवा बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत बाहेर पडली. बाबांचे ओठ हळूहळू माणसासारखे दिसू लागले. संध्याकाळी दादी पुन्हा आल्या, जेलीची बाटली काखेतच होती. जेली लावून त्यांनी प्रोब माझ्या हातात दिला. "तू बघ."

"मुंग्या चालतायत," मी म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"रो ले," दादी म्हणाल्या, "पण प्रोब हलवू नकोस."

पुढे दादी निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेल्या. भावांना त्यांनी 'बरगडीला मार लागलाय' यापलीकडे काही सांगितलं नाही. तो कसा लागला, याचं खापर बाबा आजही गोठ्यातल्या शेणावर फोडतात. राबाच्या दिवसांत दादींचा फोन येतो. यंदा आला तेव्हा मी सुट्टीवर गावी होते. भाऊ ऐनावर चढून फांद्या तोडत होता आणि बाबा खाली उभे राहून त्याला अक्कल शिकवत होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"मुंग्या?" दादींनी विचारलं.

"चालतायत," बाबा म्हणाले.

"और झाड?"

बाबांनी वर भावाकडे पाहिलं, फोनवर हात आडवा धरला आणि आवाज उतरवून म्हणाले, "खालीच हाय मी."