कुंदाबाईंना न जमलेलं स्थळ

जळगावपासून धुळ्यापर्यंत ज्या ख्रिस्ती घरात लग्नाच्या वयाचं कोणी असेल, त्या घरी कुंदाबाई एकदा तरी चहा पिऊन गेलेल्या असतात. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी बसून माळा ओवल्या नाहीत की सिरियली पाहिल्या नाहीत. एसटीचा पास काढला आणि लग्नं जमवायला सुरुवात केली. पैसे घेत नसत. साडी दिली तर नको म्हणत नसत.

लग्नाला तयार नसलेल्या मुलांसाठी त्यांचं एकच बोलणं ठरलेलं होतं. "आदाम बागेत होता. फळफळावळ होती, पाप नव्हतं, कामाचा ताण नव्हता. तरी देव म्हणाला, ह्यानं एकटं राहणं बरं नाही. तुला काय आदामापेक्षा जास्त सुख लागून गेलंय?" ह्यापुढे भलेभले नरमत. खुद्द पाळकसाहेब सुकदेव असेच नरमले होते. त्यामुळे कुंदाबाई त्यांना चर्चमध्ये 'पाळकसाहेब' म्हणत आणि चर्चच्या पायऱ्या उतरल्या की 'सुकदेव'.

नरमला नाही तो एकटा ललित. बेबाबाईंचा एकुलता एक मुलगा, ठिबक सिंचनाच्या कंपनीत इंजिनियर, रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा. दिसायला देखणा, बोलायला गोड. मुलगी बघायला गेला की तिच्या आईच्या हातातला ट्रे घ्यायचा, वडिलांना शेतातल्या नळ्या का चोंदतात ते समजावून सांगायचा, आणि घरी येऊन नको म्हणायचा. भुसावळच्या मुलीला त्यानं नोकरी लावून दिली. चोपड्याच्या मुलीचं मन दुसऱ्याच कोणावर होतं, तर तिच्या बापाची समजूत घालून ते लग्न ह्यानंच जमवलं. कुंदाबाईंना ते फार लागलं. नकार समजू शकतो, पण हा तर धंद्यात उतरला होता.

शेवटी त्यानं पाहिलेल्या धुळ्याच्या मृणालीचा फोन आला. ती शाळेत शिक्षिका. म्हणाली, "अक्का, मुलगा हिरा आहे. पण त्याला मुली दाखवणं बंद करा. का, ते त्यालाच विचारा."

कुंदाबाईंनी ललितला भरीत खायला बोलावलं. भरीत-भाकरीच्या ताटावर माणूस खोटं बोलत नाही असा त्यांचा अनुभव होता. दुसरी भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, आणि ललितनं मान खाली घालून सांगितलं, "अक्का, मला मुलीशी लग्न करायचंच नाही. धुळ्यात एक जण आहे. हितेंद्र."

"विश्वासी आहे का?" कुंदाबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं.

"नाही. हिंदू आहे. शेतकरी घरातला."

"मग अवघड आहे. काम काय करतो?"

"पंपाच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान आहे. आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगला आला होता, तिथं ओळख झाली."

"दुकान स्वतःचं?"

"भाड्याचं."

कुंदाबाई पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात हितेंद्र हे पुरुषाचं नाव आहे हे त्यांच्या डोक्यात शिरलं. भाकरी हातातच राहिली. ती ललितच्या ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "कधीपासून रे?"

"कीबोर्ड?"

"दुसरं ते."

"कीबोर्डच्या आधीपासून," ललित म्हणाला. "आईला अजून माहीत नाही. नाताळ झाला की मी स्वतः सांगणार आहे. तोवर तुमच्यापाशीच राहू द्या."

कुंदाबाईंनी शब्द दिला. पण इकडची गोष्ट तिकडे नेणं ह्यावरच ज्यांनी एवढी घरं उभी केली, त्यांना एक गोष्ट पोटात ठेवणं जमेना. जेवण जाईना. शेवटी त्यांना वाटलं, माणसांना सांगायचं नाही, देवाला सांगायला काय हरकत आहे? गुरुवारी महिला मंडळाच्या प्रार्थनेत त्या उभ्या राहिल्या. "मी नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या मंडळीतला एक तरुण भाऊ आहे. एकुलता एक आहे. एक वाद्य वाजवतो. मुलींकडे त्याचं मन लागत नाही, दुसरीकडेच लागलंय. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

त्या चर्चमध्ये वाद्य एकच होतं.

बेबाबाई दुसऱ्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. प्रार्थना संपली तेव्हा बाकीच्या बायका आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. बेबाबाईंनी गीतांचं पुस्तक पिशवीत घातलं, चपला शोधल्या आणि कोणाशी न बोलता निघून गेल्या. कुंदाबाई मागे धावल्या. फाटकापाशी बेबाबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या पोराचं मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं." त्यानंतर त्यांनी कुंदाबाईंचा फोन उचलला नाही.

रविवारी ललित आला नाही. चर्चच्या पंचांमधले ज्येष्ठ अभिमन पगारे, वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, म्हणाले की अडायचं कारण नाही, कीबोर्डमध्ये चाली भरलेल्याच असतात. त्यांनी एक बटण दाबलं. ढोलकी आणि मागे कसलंतरी नाचाचं संगीत सुरू झालं, आणि गीत संपलं तरी ते थांबेना. अभिमनभाऊंनी सगळी बटणं दाबून पाहिली. त्यानं फक्त वेग वाढला. पापकबुलीची प्रार्थना पाळकसाहेबांनी त्या ठेक्यावरच म्हटली. शेवटी कोणीतरी प्लग काढला.

कुंदाबाईंना हसू आलं नाही. घरी येऊन त्यांनी शास्त्र उघडलं. जुन्या नियमशास्त्रात पुरुषानं पुरुषापाशी निजू नये ही ओळ सापडली, ती स्पष्टच होती. पण त्याच नियमांत मागे गेलं की पाण्यातलं खवले नसलेलं काही खाऊ नका, असंही होतं. कुंदाबाईंच्या पाट्यावर त्या वेळी सुकटीची, म्हणजे वाळलेल्या बारीक कोळंबीची, चटणी अर्धी वाटलेली होती. त्या पुस्तक काखेत मारून थेट पाळकांच्या घरी गेल्या.

"सुकदेव, सुकट चालते का?"

सुकदेवला वाटलं, पथ्याबद्दल विचारतायत. मग समजल्यावर तो म्हणाला, "खाण्यापिण्याची ती बंधनं गेली, अक्का. पेत्राला दर्शन झालं नाही का? आकाशातून मोठी चादर उतरली, तिच्यात सगळे निषिद्ध प्राणी, आणि देव म्हणाला, खा."

"म्हणजे सुकट चालते. ललित चालत नाही."

सुकदेवनं त्यांच्याकडून पुस्तक घेतलं. "खरं म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "पेत्रानं स्वतः त्या दर्शनाचा अर्थ जेवणाचा लावलाच नाही. तो उठून परक्या माणसाच्या घरी गेला आणि म्हणाला, कोणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हे देवानं मला दाखवलं." त्यानं पान उलटलं. "पण पौलाच्या पत्रातही तीच ओळ आहे ना, अक्का. ते नव्या करारातलं आहे. त्याला मी काय करू? सेमिनरीत मला एक उत्तर शिकवलंय. लहानपणापासून ललितला पाहतोय. त्याचा चेहरा समोर आला की ते उत्तर मला पूर्ण म्हणता येत नाही."

त्याची बायको चारुलता चहा घेऊन आली होती. ती रविवारी मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवते. ती म्हणाली, "जुन्या नियमात षंढांना मंडळीत यायची बंदी होती. पण तो परदेशी षंढ रथात बसून शास्त्र वाचत होता, त्यानं फिलिप्पाला विचारलं, हे बघा पाणी, माझ्या बाप्तिस्म्याला काय अडचण आहे? त्यानं रथ थांबवला आणि फिलिप्पानं दिला बाप्तिस्मा. आपली पंच कमिटी असती तर अडचण सापडली असती."

"चारू," सुकदेव म्हणाला.

"मी फक्त गोष्ट सांगितली."

सुकदेवनं कुंदाबाईंना पौलाच्या त्या पत्राचं पान काढून दिलं. "वाचा. पण त्या ओळीशी थांबू नका, पुढेही वाचा."

कुंदाबाईंनी बसल्या बसल्या वाचलं. पुढचं वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. चहा तसाच ठेवून त्या घरी गेल्या.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंच कमिटीची बैठक होती. विषय एकच, कीबोर्ड. कुंदाबाई कमिटीवर नव्हत्या. पण चहाची किटली त्यांच्या हातात असल्यानं दार उघडं मिळालं. अभिमनभाऊ बोलत होते. "आमच्या फॅक्टरीत काडेपेटी गेटवर काढून घ्यायचे. माणूस कितीही चांगला असो. ललित चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याला वेदीजवळ बसवता येणार नाही. पौलानं लिहिलंय."

"भाऊ, मलाही काढा," कुंदाबाई किटली टेबलावर ठेवत म्हणाल्या.

"अक्का, तुमचा काय संबंध?"

"तुम्ही म्हणता ते पौलानं लिहिलंय. मी वाचलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तिथंच खाली, चार ओळींवर, त्यानं कानगोष्टी करणारे आणि चहाड्या करणारे लिहिलेत. त्याच रागानं लिहिलेत. पोरानं विश्वासानं सांगितलेलं मी गुरुवारी चव्हाट्यावर मांडलं. एका आईचं काळीज फोडलं. माझ्याबद्दल अजून कोणी बैठक बोलावली नाही. तर आधी माझा निकाल लावा." त्या खुर्ची ओढून बसल्या. "आणि गुरुवारची गोष्ट ज्यानं पुढं कोणालाच सांगितली नाही, त्यानं माझा निकाल लावावा."

एक पंच चहा ओतू लागले. अभिमनभाऊंनी ती गोष्ट वरणगावच्या जुन्या मित्राला, अमळनेरच्या मेहुण्याला आणि दाढी करणाऱ्यालाही सांगितली होती.

"तुम्ही गेलात तर," ते अखेर म्हणाले, "आमच्या पोरीच्या, भूमिकाच्या, स्थळाचं काय? तुम्ही नाशिकला बोलणी लावलीयत."

"मी बाहेर म्हणजे बाहेरच, भाऊ."

"ही धमकी आहे का?"

"नाही. शिस्त आहे."

पाळकसाहेबांनी खोकल्यासारखं करून तोंडावर रुमाल धरला. मग ते गंभीर होऊन म्हणाले की त्यांना स्वतःला अजून सगळं उलगडलेलं नाही, पण ज्याला प्रभूनं बाहेर घातलं नाही त्याला बाहेर घालायची सही ते करणार नाहीत. कमिटीनं विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत छपराच्या गळतीचा विषय निघाला, त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा गळतीचाच. दोन कुटुंबं दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. ललित कीबोर्डवर येऊन बसला. त्या दिवशी अभिमनभाऊंनी त्याच्याशी बोलणं टाळलं, पण प्लग त्यांनीच लावून दिला.

ललितनं कुंदाबाईंना माफ केलं ते त्या मानानं लवकर. "आईला सांगायची हिंमत मला नाताळनंतरही झाली नसती," तो म्हणाला. कुंदाबाईंना ते ऐकून बरं वाटलं नाही. बेबाबाई मात्र बोलत नव्हत्या.

जानेवारीत एके दिवशी बेबाबाई दारात उभ्या राहिल्या. "धुळ्याला जायचंय. ललित तिथं आधीच गेलाय. मला एकटीला जाववत नाही. चला. वाटेत बोलू नका."

धुळ्यापर्यंतच्या रस्त्यात कुंदाबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि पारोळ्याला तर त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

हितेंद्र रंगानं सावळा, बोटं वार्निशनं काळी झालेला, घाबरलेला माणूस निघाला. तो बेबाबाईंच्या पाया पडला. "आमच्यात पाया पडत नाहीत," त्या म्हणाल्या, पण तोवर त्यांचा हात त्याच्या डोक्यावर जाऊन पोचला होता. तो त्यांनी लगेच काढला नाही.

त्याची आई द्रौपदाबाई साक्रीकडच्या गावातून मुद्दाम आली होती. तिनं दोघींना बसवलं. "माले बठ्ठं ठाऊक शे," ती अहिराणीत म्हणाली; तिला सगळंच माहीत होतं. "पह्यले मी भलती रडनू. गावमा लोक काय म्हनतीन, असं वाटे. मंग देखं, ललित येस तवय मना पोऱ्या टाइमवर जेवस. नही ते दुकानमाच पडेल ऱ्हास." तिनं ताटं वाढली. शेवभाजी इतकी लाल होती की बेबाबाईंनी पहिल्या घासालाच पाण्याचा पेला उचलला.

"ललितला ॲसिडिटी आहे," त्या हितेंद्रकडे न बघता म्हणाल्या. "त्याला एवढं तिखट घालत जाऊ नका."

"कमी करतो," हितेंद्र म्हणाला.

ललित उठून आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. कोणी त्याला हाक मारली नाही.

द्रौपदाबाई कुंदाबाईंच्या ताटात भात वाढता वाढता त्यांच्याजवळ सरकली. "अक्का, तुम्ही लग्नं जमाडतस, असं ललित सांगस. मना धाकला पोऱ्या शे. शेती करस, म्हनीसन त्याले कोन्ही पोरगी देत नही. तुम्ही देखा ना."

"अहो, मी आमच्याच माणसांची जमवते," कुंदाबाई म्हणाल्या.

"आते ते आपण सोयराच ना," द्रौपदाबाई म्हणाली.

कुंदाबाईंनी बेबाबाईंकडे पाहिलं. बेबाबाई पाणी पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "विचारतायत तर सांगा की काहीतरी. दिवसभर तर गप्पच आहात."

कुंदाबाईंनी ताट थोडं बाजूला सारलं. "उंची किती आहे त्याची?" त्यांनी विचारलं.