एक्झिट रीएंट्री

त्या सकाळी जगाचा सगळा इतिहास माझ्या वॉशिंग मशीनमध्ये फिरत होता.

कणीक मळून झाली होती. डबा भरायचा होता. आणि मशीनच्या काचेतून मला सहावं युग गरगर फिरताना दिसलं.

"अहो! तुमची चादर!"

माझे मिस्टर यशवंत ब्रश तोंडात धरूनच धावत आले. जगाची सात युगं काढलेली बायबल-अभ्यासाची चादर त्यांनीच घडी करून धुवायच्या कपड्यांवर ठेवली होती.

मशीनचं दार मध्येच उघडेना. दोघं समोर फरशीवर बसून राहिलो.

"मंगल, पुन्हा जलप्रलय होणार नाही असं देवाचं वचन होतं," ते म्हणाले. "तू मोडलंस."

चादर निघाली. सहा युगं कापडी रंगाने काढलेली, ती टिकली. सातव्याच्या वेळी रंग संपला होता, म्हणून ते मार्करने काढलं होतं.

ते साफ गेलं. नुसती पांढरी चौकट उरली.

"राहू दे. उद्या शुक्रवार, उद्याच सातव्याचा धडा आहे. प्रभू त्याआधी आला नाही, तर सकाळी नवं काढतो."

मग दारात, बूट घालताना: "लोणचं टाकलंस ना?"

टाकलं होतं.

संध्याकाळी इथे सौदीत, रास अल खैरच्या प्लांटवर, शिफ्ट संपता संपता, यशवंतचं हृदय थांबलं.

आज वर्ष झालं.

(पोस्ट ओळखीच्या लोकांपुरती आहे. शेअर करू नका. इथे अशा बैठका उघड घेता येत नाहीत, इथे राहणाऱ्यांना ते सांगायला नको.)

चादरीची कल्पना यशवंतची नव्हती. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी बायबल-शिक्षकाची होती. युगांची ही शिकवण सुरुवातीला ज्यांनी घरोघर नेली, त्यांच्यातला तो एक. यशवंत त्याला नुसतं "म्हातारा" म्हणायचे, जसा काही शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो.

म्हाताऱ्याने चर्चची नोकरी सोडली, चर्चने दिलेलं घर सोडलं. नावामागे रेव्हरंड लावू दिलं नाही. लोकांच्या बैठकीत भिंतीवर कापड टांगून तो शिकवायचा. राजा, म्हणजे प्रभू येशू, कुठल्याही क्षणी परत येईल, म्हणायचा. लोक चिडवायचे, "काय हो, आला का तुमचा राजा?" तो म्हणायचा, "अजून नाही. म्हणजे कालच्यापेक्षा एक दिवस जवळ."

वाट बघतच गेला.

मी दहावी नापास. त्याची पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. अडलं की चपात्या लाटताना यशवंतला विचारायचं.

ते प्लांटच्या भाषेत सांगायचे. "देव एक, शिफ्ट सात. मालक बदलत नाही, शिफ्टचे नियम बदलतात. निर्दोषपणा, विवेक, माणसाचं राज्य, वचन, नियमशास्त्र, कृपा. आपण सहाव्या शिफ्टला आहोत. सातवी राजाची."

इस्राएलला दिलेली वचनं कुणी मंडळीला, म्हणजे चर्चला, लावली की ते चिडायचे. "दुसऱ्याच्या नावाचं टपाल फोडता कशाला? तुमचं वेगळं आलंय ना!"

सातवी शिफ्ट त्यांची लाडकी. "आम्ही समुद्राचं पाणी गोड करायला एवढे पाइप टाकतो. त्या राज्यात वाळवंटात पाणी आपसूक फुटेल. माझी नोकरी जाणार, मंगल. आणि मी पेढे वाटणार."

इथून सुट्टीवर जाऊन परत यायचा व्हिसा म्हणजे एक्झिट रीएंट्री, कायमचं जायचा म्हणजे फायनल एक्झिट; दोन्हीला कफीलची, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्याची, सही लागते. एकदा आमच्या घरच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, राजा यायच्या आधी मेलो तर?

"तर काय? विश्वासात मेलेल्या माणसाचं फायनल एक्झिट होत नाही. राजाबरोबर तो परत येणार. एक्झिट रीएंट्री! आणि कफीलची सही लागत नाही."

हॉल हसून हसून पडला होता.

यशवंत गेले त्या संध्याकाळी कंपनीच्या कागदपत्रांचं बघणाऱ्या बशीरभाईंचा फोन आला. भला माणूस.

"मॅडम, संडे को ऑफिस खुलेगा. सर का फायनल एक्झिट निकालना पड़ेगा. उसके बाद बॉडी इंडिया जाएगी."

माझ्या तोंडून आलं, "भाई, फायनल मत बोलो. एक्झिट रीएंट्री बोलो."

ते म्हणाले, "मॅडम, ऐसा वाला मेरे सिस्टम में नहीं है."

"मालूम है. मालिक के सिस्टम में है."

त्या दिवसातलं माझं पहिलं रडणं ते. आणि मी हसतही होते.

मग शांतवन आला. यशवंतच्या शिफ्टमधला, आमच्या धाकट्या दिरासारखा. भिंतीजवळ वाळत घातलेली चादर बघून म्हणाला, "वहिनी, ही गुंडाळून ठेवू. उद्या सगळ्यांना नको सांगतो."

"नको कशाला? सातवा धडा राहिलाय."

"घेणार कोण?"

मी चादरीचं दुमडलेलं टोक सरळ केलं. त्याला कळलं.

"वहिनी, आपल्यात बायका शिकवत नाहीत. तुमच्या म्हाताऱ्यालाही चाललं नसतं."

खरं होतं. म्हाताऱ्याला नसतंच चाललं.

"मी शिकवत नाही रे. यांनी मला चपात्या लाटताना जे सांगितलं, ते मोठ्याने आठवणार आहे. त्याला कुठल्या युगात बंदी आहे, दाखव."

शांतवन चादरीकडे बघत राहिला. "सातवी चौकट तर कोरी आहे."

"असू दे. सहा होऊन गेलेली दिसतात ना, मग सातवी येणारच."

तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, "खुर्च्या मी लावतो."

आज खाली तुम्ही भावपूर्ण श्रद्धांजली लिहाल. जरूर लिहा, तुमचं प्रेम आहे. मी मात्र यशवंतला बाहेरगावी गेलेल्या माणसाला लिहितात तसं लिहिते.

अहो, इकडे सगळं ठीक आहे. या.

गेल्या वर्षी, यशवंत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी चादरीला इस्त्री केली, ती भिंतीवर लावली, आणि सातवी शिफ्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने आठवली.