घोडीचा दमा

घोडीचा रोग लागणीचा नव्हता. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात मी घाटंजीला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमच्याच गावचा टांगेवाला घोडी घेऊन आला. नाकपुड्या फुगलेल्या, पोट भात्यासारखं चाललेलं. बुरशी धरलेल्या चाऱ्याच्या धुळीनं दमा झालाय, डॉक्टर म्हणाले. टांग्याला जुंपू नका, मोकळ्या हवेत बांधा, चारा भिजवूनच घाला. मी शेजारीच उभा होतो.

आदल्याच वर्षी टांगेवाल्याची वस्ती बौद्ध झाली होती. मेलेली ढोरं ओढणं त्यांनी बंद केलं, आणि गाव त्यांच्यावर जळत होतं. आमच्या विहिरीला त्यांचा हात कधीच लागू दिला नव्हता; पण तिच्याजवळचा जनावरांचा हौद सगळ्यांना मोकळा होता. तो बंद करायला गावाला निमित्त हवं होतं. ते मी दिलं. गावात ज्यांचा शब्द चाले, त्या माझ्या काकांनी पारावर विचारलं, "काय रे, त्या घोडीले रोग कोनता?"

"लागणीचा वाटते," मी म्हणालो. काकांना काय ऐकायचंय, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीकडून हौदाकडे येणाऱ्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. नुसत्या घोडीसाठी नव्हे, वस्तीच्या सगळ्या जनावरांसाठी. टांगेवाल्याची बायको घोडी घेऊन आली, तर काका म्हणाले, "धरम बदलला ना तुमी? मंग हौद बी बदला."

"घोडीनं कुठं बदलला, मालक? तिले तरी पेऊ द्या."

सगळे हसले. मीही हसलो. थू त्या हसण्यावर!

त्या बाईनं कोरड्या नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरा उकरला. उन्हाळाभर डोक्यावरून पाणी वाहून पेंढी न् पेंढी भिजवली. घोडीची धाप गेली, अंगावर तकाकी आली. टांगेवाला तिला घेऊन पारावर आला.

"भाऊ, तू दवाखान्यातला मानूस. सांग या लोकायले, बरी झाली ना?"

"असा रोग आत दबून रायते," काका मध्येच बोलले. "हाव ना रे?"

मी मान हलवली. पगार सरकारचा होता, काका काही मला खाणार नव्हते. तरी हलवली. टांगेवाला घोडी वळवून गेला. काट्या तशाच राहिल्या.

तो आता नाही. त्याची बायको आहे. त्याच पारावर, गावासमोर, तिच्यादेखत "मी खोटं बोललो" एवढं म्हणणं माझ्याकडे अजून बाकी आहे.