इंजिनाजवळची जागा

अप्पांच्या कानात शिट्टी वाजायला लागली तेव्हा सुरुवातीला आम्ही ती थट्टेवारीच नेली. जेवता जेवता ते मध्येच म्हणायचे, "अगं, कुकर उतरव." कुकर केव्हाच उतरलेला असायचा. मी म्हणायचे, "अप्पा, तुमचा कुकर चोवीस तास गॅसवर असतो." ते हसायचे. मग हळूहळू हसायचे बंद झाले.

बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका लहानशा कारखान्यात ते पॉवर प्रेसवर होते. पत्रा आत सरकवायचा, प्रेस धाडकन खाली येणार, वॉशर बाहेर पडणार. माझ्या जन्माच्या आधीपासून हेच. कानात घालायला आई कापसाचे बोळे द्यायची, ते खिशातच राहायचे. ऐकायला कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण शिट्टी हे नवीनच झेंगट. डॉक्टर म्हणाले, आतली नस खराब झालीय, ह्याला औषध नाही, सवय करून घ्या. आणि प्रेसजवळ पुन्हा जाऊ नका, नाहीतर आहे तेवढंही ऐकू यायचं नाही. अप्पा रजा टाकून घरी बसले.

आमचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत. दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या, हमालांची ओरड, चालूच. रात्री गल्ली निजली की अप्पांची शिट्टी चढायची. झोप म्हणून नाही. आई कानात लसणीचं तेल घालून दमली. खालच्या मजल्यावरची अक्का रोज जिन्यातून सांगायची, "सरी होगत्ते", होईल सगळं ठीक. कसलं काय! एकदा अप्पा न्हाणीत गेले ते बाहेरच येईनात. आईनं दार ठोठावलं तेव्हा कपाळावर हे एवढं टेंगूळ घेऊन आले. भिंतीवर डोकं आपटत होते. "फोडून टाकावंसं वाटतं," एवढंच म्हणाले. आईनं हाय खाल्ली. त्या दिवसापासून ती त्यांना एकटं सोडेना.

तोडगा अप्पांनीच काढला. त्यांच्या मते सगळा दोष ह्या गावाचा. रिक्षा, लाउडस्पीकर, दुकानदारांचे जनरेटर. कानाला विसावाच नाही, मग शिट्टी थांबेल कशी? एकदा अगदी शांत जागी नुसतं बसलं, की आपोआप थांबेल. आणि शांत जागा म्हणजे बन्नेरघट्ट्याचं जंगल. मार्केटहून सरळ बस होती, न बदलता.

बरोबर कोण जाणार? अर्थात मी. मला कॉलेजला एकच सुट्टी, तीही गेली. मी धुसफुसत आईला म्हणाले, "आणि हत्ती आला म्हणजे?" ती डबा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "हत्तीचं मला काही नाही. तू ह्यांच्यावर लक्ष ठेव. पाण्याच्या कडेला उभं राहू देऊ नको, कड्यापाशी तर मुळीच नको." मी मग धुसफूस गिळली आणि चपला घातल्या.

पहिल्या रविवारी नुसता पचका झाला. बन्नेरघट्ट्याला उतरलो तर ही झुंबड! प्राणिसंग्रहालय बघायला अख्खं बंगळूर लोटलेलं, फुगेवाले, पिपाण्या, शाळेच्या दोन सहली. "अप्पा, ह्याच्यापेक्षा आपली गल्ली बरी," मी म्हणाले. ते म्हणाले, "आत जायला हवं." पुढच्या रविवारी आम्ही तिथल्या देवळामागची टेकडी चढून पलीकडे उतरलो. तिथून तळ्याकडे जाणारी पायवाट होती. दोन्ही बाजूंना घाणेरी माजलेली, तिचे काटे ओढणीत अडकायचे. उन्हाळा तोंडावर आलेला, झाडं खराटा झालेली, बांबू वाळून एकमेकांवर घासायचे. त्या करकर आवाजानंही अप्पा वैतागत. "अजून जरा पुढे," म्हणत. मी मागून डबा, पाण्याची बाटली आणि तोंडाचा पट्टा सांभाळत चालायचे. तो पट्टा त्यांना निम्मा ऐकू यायचा नाही, तेवढाच फायदा.

असं करता करता एका रविवारी आम्ही पार तळ्यापर्यंत पोचलो. भर दुपार. वारा पडलेला. पाखरं कुठं सावलीला दडली होती कोण जाणे, एक चकार शब्द नाही. पलीकडच्या काठावर एक पान गळालं, त्याचा आवाज मला इकडे आला. मी इतकी शांतता जन्मात ऐकली नव्हती. हीच ती जागा, मला वाटलं. अप्पांना मी काठापासून दूर एका खडकावर बसवलं. त्यांनी डोळे मिटले. मी देवाचं फारसं काही करत नाही, पण तेव्हा मनातल्या मनात हात जोडले. थांबू दे रे बाबा, एकदाची थांबू दे.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"इथं जास्त आहे," ते म्हणाले. "तिकडे निदान आवाजाखाली झाकली जायची. इथं नुसती तीच आहे."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"तुला खरंच ऐकू येत नाही?"

"नाही हो अप्पा."

"इकडे ये. कान लाव माझ्या कानाला."

मी त्यांच्या गालाला गाल टेकवला आणि कानाला कान लावला. लहानपणानंतर इतक्या जवळ मी त्यांच्या गेलेच नव्हते. खुरटी दाढी, लसणीचा वास. श्वास तेवढा ऐकू येत होता. मी खूप प्रयत्न केला, अगदी श्वास रोखून. त्यांच्या डोक्यात एवढं रान माजलं होतं आणि बोटभर अंतरावर मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मला रडू फुटलं. अप्पांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "चल, आईनं काय दिलंय बघू."

परतीच्या बसमध्ये मागच्या पुरुषांच्या जागा भरलेल्या. अप्पा चालून दमलेले. ते पुढेच, ड्रायव्हरशेजारी इंजिनाचा तो फुगीर डबा असतो ना, त्याला लागून असलेल्या बायकांच्या सीटवर बसले. कंडक्टर लगेच ओरडला, "लेडीज सीट! हिंदे होगी!" मागे जा म्हणे. मी गयावया केली, "स्वल्प बिडी अण्णा, हुषारिल्ला," बरं नाही त्यांना, राहू द्या जरा. तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. बस सुरू झाली. इंजिन असं घरघरायला लागलं की दातसुद्धा खडखडावेत. मी अप्पांकडे पाहिलं तर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. दोन स्टॉप गेले असतील नसतील, मान कलली. ते झोपले होते! मार्केट येईपर्यंत घोरत होते. मला इतका आनंद झाला की घरी पोचताच जिन्यातूनच ओरडले, "आई, अप्पा झोपले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी कामाचा निळा शर्ट काढला आणि डबा मागितला.

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?" मी दारात आडवी उभी राहिले. "उरलेले कानही जातील!"

"तिथं ती ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. इतक्या समजुतीच्या सुरात, जसं काही हट्ट मीच धरला होता. आईनं मला दारातून बाजूला घेतलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. मला तिचा भयंकर राग आला. आता येत नाही.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आधी अक्काचा आवाज गेला, मग आईचा, मग माझा. आम्ही ओठ हलवत राहायचो आणि ते अंदाजानं मान हलवायचे. शिट्टी मात्र जशीच्या तशी. इंजिनाची घरघर, प्रेसचा ठोका तेवढा अजून आत पोचायचा. भिंतीवर डोकं आपटणं पुन्हा कधी झालं नाही, आणि आईला तेवढं पुरेसं होतं.

रविवारी कारखाना बंद. मग अप्पा सकाळीच मार्केटला जाऊन बन्नेरघट्ट्याची बस धरायचे. कंडक्टर लोक ओळखायला लागले होते, इंजिनाजवळच्या त्या जागेवरून कुणी उठवायचं नाही. जंगलापर्यंत जायचे आणि खाली न उतरता त्याच बसनं परत यायचे.

एकदा मीही गेले बरोबर. शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले. खिडकीतून ती टेकडी दिसत होती, पानं नसलेली झाडं दिसत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि समोरच्या टपरीवर चहाला गेला. अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. नजर टपरीकडे. "येईल आता," मी म्हणाले, त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असून. ड्रायव्हर चहा संपवून येईपर्यंत आणि किल्ली फिरवेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.