दीड तासावरचं नाशिक

मी पदवीधर झालो तो थोरल्या मावशीमुळे. आमच्या गावात दहावीच्या पुढे शाळा नव्हती. मावशीने मला तालुक्याला स्वतःच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं आणि घरात कुणी मोठ्याने बोललं की ‘पोरगा वाचून राहिला’ म्हणून गप्प केलं.

आता ती नाशिकला मुलाकडे असते. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी संध्याकाळी ठरलं, पण मी आल्याशिवाय ती आत जाणार नव्हती. ‘डॉक्टर काय म्हणते ते तुले समजते, तू शिकला आहे.’ मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालोय, हे तिला कधीच अडचणीचं वाटलं नाही.

मी शुक्रवार सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. नागपूर ते नाशिक जेमतेम दीड तास. धंतोलीत डॉक्टरांच्या बाकावर आपण त्याहून जास्त वेळ बसतो.

सक्करदऱ्याला आमच्या गल्लीतच सासरे राहतात. त्यांनी पंचांग पाहिलं.

‘जावईबापू, शुक्रवारी पश्चिमेले दिशाशूल आहे, तिकडे निघू नाही.’

‘तिकीट परत होत नाही, बाबा.’

‘परत करा कोण म्हणून राहिलं? गुरुवारी प्रस्थान ठेवा.’

प्रस्थान म्हणजे चांगल्या दिवशी आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरतात. जिच्याशिवाय प्रवास होत नाही ती वस्तू त्यात हवी, असं सासऱ्यांनी बजावलं. सांगितलेलं मनापासून करायची मला शाळेपासूनची सवय. मी बॅगेत कपड्यांबरोबर ओळखपत्र ठेवलं आणि गुरुवारी बॅग समोरच्या काकांकडे नेऊन ठेवली.

शुक्रवारी सकाळी काकांच्या दाराला कुलूप. धान्य आणायला काका-काकू दोघंही इतवारीच्या बाजारात गेले होते. मी फोन लावला, तो बंद दाराआड वाजताना मला स्पष्ट ऐकू येत होता.

‘ठेवतानाच सांगायचं होतं ना विमान सकाळचं आहे म्हणून,’ बायको म्हणाली.

‘प्रस्थान कोणी वेळ सांगून ठेवते का?’ सासरे म्हणाले.

काकांची रिक्षा गल्लीत वळली तेव्हा एक विमान सक्करदरा तलावावरून गेलं. माझंच असावं. काकांनी आग्रहाने चहा पाजला. मी रेल्वेची चौकशी करत होतो, तेवढ्यात मावशीचा फोन आला.

‘निघाला का गा?’

खोटं बोलवेना, खरंही सांगवेना. ‘प्रस्थान कालच ठेवलं, मावशी.’

‘मंग निघालाच तू. वाटेतल्या माणसाची काय काळजी? मी जाते संध्याकाळी आत.’

रात्रभर रेल्वेत बसून शनिवारी सकाळी मी पोचलो. मावशी डोळ्यावर पट्टी बांधून पोहे खात होती. डॉक्टरांचं म्हणणं तिनेच मला समजावून सांगितलं. परतल्यावर मी तिला लिहिलं:

‘ती. मावशीस सा. न.

पट्टी निघाली असेल, तेव्हा हे पत्र कुणाकडून वाचून न घेता तूच वाच. अक्षर मोठं काढलंय. तू फोन केलास तेव्हा मी काकांच्या ओट्यावर चहा पीत होतो, आणि तू आत गेलीस तेव्हा नागपूर स्टेशनवर होतो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी माझ्यासाठी थांबू नकोस. डॉक्टर काय म्हणतात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं समजतं. मी येईनच, पण तू आपली वेळेवर आत जा.’