जन्मभराचा एकच मार्का

मी सोलापुरात एका गिरणीच्या रंगखात्यात मास्तर होतो. मुख्य मास्तर नव्हे, त्याच्या हाताखालचा. रंगाच्या पिंपातून सुताची लड निघाली की ती ओली असतानाच, वाळल्यावर कशी दिसेल ते ओळखायचं आणि खिडकीच्या उजेडात धरून नमुन्याशी ताडून पाहायचं, हे माझं काम. लुगड्याच्या काठाचा लाल जरा जरी हुकला तरी व्यापारी सगळा माल परत पाठवायचा. म्हणजे माझी भाकरी माझ्या डोळ्यांवर होती.

आमच्या खात्यात बहुतेक सगळेच दारू घेत. दिवसभर वाफेत आणि तेजाबाच्या वासात उभं राहायचं, पाय कायम ओले. पाळी सुटली की घसा आपोआप मागायचा. मीही घ्यायचो. शिंदी असो, देशी असो, कुणी पाजली तर विलायती असो. आवडनिवड कसली ती नव्हतीच. जे पुढे येईल ते प्यायचं.

माझा एक दोस्त त्याच गिरणीत मागावर होता. भवानी पेठेत राहायचा. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. त्याच्या भाचीच्या साखरपुड्याला त्यानं मला दुपारचं जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर आम्ही मागच्या पडवीत बसलो. कुणी ओळखीच्यानं त्याला एक विलायती व्हिस्कीची बाटली आणून दिली होती. लेबल झकास, बूच मात्र जरा सैल. तेव्हा ते कुणाच्या मनात आलं नाही. मला संध्याकाळी कामावर रंगाचं पिंप लावायचं होतं म्हणून मी अर्ध्या पेल्यावर थांबलो. तो खुशीत होता, त्यानं भरपूर घेतली.

दुसऱ्या दिवशी कामावर लड हातात घेतली तर ती दुधात बुडवल्यासारखी दिसू लागली. मला वाटलं खात्यात वाफ कोंडलीय. गड्याला म्हटलं, "खिडकी उघड." तो म्हणाला, "मास्तर, उघडीच हाय की." पोटात मुरडा उठला. मी भिंतीला हात लावत लावत बाहेर पडलो आणि तसाच घरी पोचलो. बायको दारात उभी असावी. मला फक्त लुगड्याचा आकार दिसला, रंग दिसला नाही.

तिनं शेजाऱ्याला डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर आले ते भवानी पेठेतूनच आले. माझ्या दोस्ताला सकाळपासून काहीच दिसत नव्हतं.

"कुठली बाटली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"विलायती होती."

"बाटली विलायती असेल. आतलं नव्हतं. रिकाम्या बाटल्यांत लाकडाला पॉलिश करायचं स्पिरिट भरून विकतात हे लोक." त्यांनी माझं पोट धुऊन काढलं, सोड्याचं पाणी पाजत राहायला सांगितलं आणि दिवा डोळ्यांसमोर धरला. "काय दिसतं?"

"धूर दिसतो."

त्यांनी दिवा खाली ठेवला. बायकोला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. तिनं ते मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी खाटेवर छताकडे तोंड करून काढले. रोज सकाळी बायको चहाआधी माझ्यासमोर काहीतरी धरायची आणि म्हणायची, "ह्यो कंचा रंग?" कधी मिरची असायची, कधी हळदीचं बोट, कधी तिची चोळी. मी काळा म्हणायचो, नाहीतर राखाडी. ती "बरं" म्हणून आत जायची. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज यायचा. खोटं सांगून तिला धीर द्यावा असं मनात यायचं, पण रंगात खोटं बोलायची मला सवयच नव्हती.

एका सकाळी तिनं काहीतरी धरलं आणि मी म्हणालो, "लाल आहे का?"

"'हाय का' म्हनून इचारू नका. दिसतं का सांगा."

"लाल आहे. मळका आहे, पण लाल आहे."

कुंकवाचा करंडा होता. तो तिच्या हातातून खाली पडला आणि सगळं कुंकू जमिनीवर सांडलं. ते भरत भरत ती रडत होती आणि मधूनच मला शिव्या देत होती.

माझे डोळे परत आले. पिवळा रंग सगळ्यात उशिरा आला. दोस्ताचे आले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "यापुढे थेंबही घ्यायचा नाही." मी मान डोलावली. खरंच सोडायची होती. पण कामावर पुन्हा उभा राहू लागलो आणि संध्याकाळ झाली की घसा पुन्हा मागू लागला. एकदा पाय आपोआप गुत्त्याच्या गल्लीकडे वळले. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मी परत फिरलो, पण हे बायकोला कुणीतरी सांगितलं. मी घरी आलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती.

"तुमी सोडशीला असं मला वाटत न्हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "तुमालाबी वाटत न्हाय. व्हय का न्हाय?"

मी टोपी खुंटीला अडकवली.

"मग एक करा. बायकू एकच केली न्हवं? तशी बाटलीबी एकच धरा. कंची बी धरा. पन मरंपातूर तीच. दुकानातनं मोहोरबंद आनायची, माझ्यासमूर फोडायची, माझ्या हातानं घ्यायची. दुसऱ्याच्या घरची न्हाय. अन् हे मोडलंसा, तर म्या माळशिरसला माहेरी जाईन. रुसून न्हाय. कायमची."

ती तसं करणारी होती. मी कबूल झालो.

सदर बाजारात एका पारशी गृहस्थाचं विलायती मालाचं दुकान होतं. गिरणीचे साहेब लोक तिथून माल नेत. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "जन्मभरासाटी एकच? बाबा, लोक लग्न पण एवढा विचार करून नाय करत." पण मग माझा चेहरा पाहून तो गंभीर झाला. त्यानं माझ्या देखत बाटल्यांची मोहोर फोडली आणि एकेका पेल्यात चमचाभर ओतली.

दुखण्यानंतरचा तो माझा पहिला घोट. मी तो घेतला आणि लगेच समोरच्या फळीवरच्या लेबलांकडे पाहिलं. अक्षरं होती तशीच होती. तरी मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. ती पहिली इतकी गोड होती की जिभेला हवीहवीशी वाटली, आणि म्हणूनच मी ती बाजूला सारली. दुसरीचा रंग मी उजेडात धरून पाहिला. इतका गडद तांबूस आपसूक येत नाही, रंगखात्यातल्या माणसाला तेवढं कळतं. ती मी तोंडाला लावलीच नाही. मग त्यानं एक बाटली काढली, तिच्या लेबलावर समुद्रातल्या दीपगृहाचं चित्र होतं. आतला रंग वाळलेल्या गवतासारखा फिका. घोट घेतला तर जळक्या गोणपाटाची चव! थुंकून टाकावीशी वाटली. पण ती चव घशाखाली गेल्यावरही जाईना, आणि हळूहळू छातीत ऊब पसरली.

मी पुन्हा एक घोट घेतला. या बाटलीत कुणी दुसरं काही भरलं तर पहिल्याच घोटाला मला कळेल, असं मनात आलं. त्याच विचारानं मी ती निवडली. पुढे तिच्याशिवाय दुसरी चव आठवेनाशी झाली, पण त्या दिवशी आवड नव्हती, भीतीच होती.

दोस्ताला मी हे सांगायला गेलो. तो ओट्यावर बसून बोटांनी चाचपत कांड्यांवर सूत भरत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला निवडायला तरी मिळालं." त्याच्या बायकोनं दारातून तेलुगूत काहीतरी म्हटलं. मला अर्थ कळला नाही, पण मी उठलो.

दोन-अडीच वर्षं नीट गेली. मग आमचे मुख्य मास्तर निवृत्त व्हायला आले. त्यांची जागा मला मिळणार असं खात्यात सगळेच बोलत. जागेबरोबर गिरणीच्या आवारातलं घर होतं, आत पाण्याचा नळ असलेलं. बायको ते घर लांबून पाहून आली होती.

नाताळात मॅनेजर साहेबानं मुख्य मास्तरांना आणि मला संध्याकाळी बंगल्यावर बोलावलं. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबानं स्वतः उठून नक्षीदार काचेच्या सुरईतून तीन पेल्यांत व्हिस्की ओतली. सुरईवर लेबल कुठलं असणार?

"पियो, मास्टर," तो मला म्हणाला. "हेड का जगह के वास्ते."

मी पेला हातात घेतला. वास घेतला, गोड होता. सांजेच्या उजेडात साहेबाचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता, आणि तो स्पष्ट दिसतोय हेच मी पाहत राहिलो.

मुख्य मास्तर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "अरे, नुसती ओठाला लाव."

"साहेब," मी म्हणालो, "मी एकच व्हिस्की घेतो. दुसरी घेत नाही. शपथ आहे."

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब आधी हसला, त्याला गंमत वाटली. मग त्यानं मार्का विचारला. तो बंगल्यात नव्हता. साहेब म्हणाला, ही त्याहून उंची आहे. मी पेला तिपाईवर ठेवला. त्याचं हसू गेलं. मान लाल झाली. तो मास्तरांना इंग्रजीत जे म्हणाला त्यातला एकच शब्द मला कळला, 'पॉयझन', म्हणजे विष. मी हात जोडून "तसं नाही साहेब" म्हणत राहिलो. त्यानं सुरईला झाकण लावलं. आम्ही निघालो तेव्हा त्यानं मास्तरांशी हात मिळवला, माझ्याशी नाही.

मुंबईहून एक तरुण माणूस मुख्य मास्तर म्हणून आला. बातमी मी घरी सांगितली तेव्हा बायको भाकरी थापत होती.

"येक घोट..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय म्हणालीस?"

"काय न्हाय."

पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. राग कुणावर होता ते तिलाही सांगता आलं नसतं. सार्वजनिक नळावरून दोन घागरी घेऊन आली की त्या खाली ठेवताना माझ्याकडे बघायची नाही. पेला मात्र रोज संध्याकाळी भरून द्यायची.

एका संध्याकाळी पेला देता देता म्हणाली, "त्या बंगल्यावर पुन्यांदा बोलावलं तर जाऊ नका."

मला पुन्हा कुणी बोलावलंही नाही.